परदेशातील समर कॅम्पमध्ये मुलांना आरोग्याच्या सवयी शिकवायच्या आहेत? आधी हे वाचा

कोपरगाव : परीक्षा संपल्या की परदेशात दोन-तीन महिने मुलांच्या समर कॅम्पमध्ये स्वयंसेवक म्हणून जायचे, हा पर्याय आता तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यांच्याही मोबाइलवर पोहोचला आहे. मुलांना खेळवायचे, स्वच्छतेच्या सवयी लावायच्या आणि जगही पाहायचे. कल्पना चांगली आहे. मात्र त्यात व्हिसाचे नियम आहेत, जबाबदारी आहे आणि फसवणुकीची शक्यताही आहे.

कोणाला जाता येते?

अमेरिकेत यासाठी जे-१ व्हिसाचा ‘कॅम्प कौन्सेलर’ हा स्वतंत्र प्रकार आहे. वय किमान १८ वर्षे हवे आणि इंग्रजी बोलता यायला हवे. मुक्काम जास्तीत जास्त चार महिन्यांचा. विद्यार्थी, शिक्षक, मुलांसोबत काम करणारे किंवा विशेष कौशल्य असणारे अर्ज करू शकतात. आपल्याकडे सुटी एप्रिल-मेमध्ये, तर तिकडची शिबिरे जून ते ऑगस्ट. त्यामुळे अर्जाआधी विद्यापीठाच्या परीक्षेचे वेळापत्रक पाहावे.

दुसरा मार्ग ‘सीआयएसव्ही’ या संस्थेचा. मानसशास्त्रज्ञ डोरिस ॲलन यांच्या कल्पनेतून १९५१ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे तिचे पहिले शिबिर भरले. आज भारतातही तिच्या शाखा आहेत. तिच्या ‘व्हिलेज’ शिबिरात प्रत्येक देशातून ११ वर्षांची चार मुले आणि सोबत एक प्रौढ लीडर जातो.

फसवणूक कशी ओळखायची?

जे-१ साठी अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते. तीच ‘डीएस-२०१९’ हे पात्रता प्रमाणपत्र देते. त्याशिवाय हा व्हिसा मिळत नाही. या प्रकारात कौन्सेलरला तेथील सहकाऱ्यांइतका मोबदला मिळायला हवा, असा नियम आहे. म्हणून ‘पर्यटक व्हिसावर जा, काम नंतर देऊ’ किंवा ‘आधी पैसे भरा, शिबिराचे नाव नंतर कळेल’ असे कोणी सांगितले, तर तिथेच थांबावे. प्रायोजकाचे नाव परराष्ट्र खात्याच्या यादीत स्वतः तपासावे.

तिथे कोणती काळजी?

पहिली गोष्ट शेंगदाण्याची. आपल्याकडे चिक्की आणि लाडू ही प्रेमाची भेट. तिकडे मात्र काही मुलांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते. अनेक शिबिरांत शेंगदाणा आणायलाच मनाई असते. दुसरी गोष्ट औषधांची. ताप असो वा पोटदुखी, स्वतःजवळची गोळी मुलाला द्यायची नाही. शिबिराच्या नर्सकडे न्यायचे. तिसरी, मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबायचे नाही. हा नियम मुलाच्या आणि स्वयंसेवकाच्याही सुरक्षिततेसाठी असतो.

सवय शिकवायची कशी?

भाषणाने सवय लागत नाही, करून पाहिल्याने लागते. मुलांच्या तळहाताला हळद मिसळलेले तेल चोळा. निम्म्यांना नुसत्या पाण्याने, निम्म्यांना साबणाने २० सेकंद हात धुवायला सांगा. नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांवर पिवळे तेल राहते. साबणाच्या कणाचे एक टोक तेल पकडते, दुसरे पाणी. म्हणून मळ आणि त्यातील जंतू पाण्यासोबत वाहून जातात. समाजाला हात धुण्याचे शिक्षण दिल्यास अतिसाराचे रुग्ण २३ ते ४० टक्क्यांनी कमी होतात, असे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था ‘सीडीसी’ सांगते.

शिकायला जायचे कुठे?

त्यासाठी विमानाची गरज नाही. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अमेरिकेत शिकून आलेल्या या दांपत्याने गावातल्याच अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर महिलांना आरोग्यसेविका बनवले. स्वच्छ पाणी, आहार, बाळंतपणातील काळजी या गोष्टी त्यांनी शेजारणींना त्यांच्याच भाषेत सांगितल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे काम समजून घ्यायला परदेशातील विद्यार्थी आणि डॉक्टर जामखेडला येतात. सांगणारी व्यक्ती ओळखीची आणि विश्वासाची असली की सवय टिकते, हा त्यातला धडा.

कोपरगावात सराव कसा करता येईल?

कोपरगावकरांनी नळाला दिवसाआड नव्हे, तर कित्येक दिवसांनी येणारे पाणी अनुभवले आहे. कालव्याचे आवर्तन लांबले की साठवण तलाव आटतात आणि पिंपातले पाणी पुरवून वापरावे लागते. अशा घरात ‘नळ सोडा आणि हात धुवा’ हा सल्ला चालत नाही. गळीत हंगामात कोळपेवाडी आणि सहजानंदनगरच्या कारखान्यांसाठी येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोपीत तर नळच नसतो.

तिथे ‘टिपी टॅप’ उपयोगी पडतो. पाच लिटरचा कॅन आडव्या काठीला टांगायचा, वरच्या बाजूला छोटे भोक पाडायचे, कॅनला बांधलेली दोरी खाली पायाने दाबायच्या काठीला जोडायची. काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. साबण शेजारी दोरीला लटकवायचा. हात कॅनला लागत नाही, पाणीही थोडेच लागते. एका कोपीसमोर हंगामभर हे चालवून दाखवणाऱ्याकडे, परदेशी शिबिराच्या मुलाखतीत ‘मुलांसोबत कोणते काम केले?’ या प्रश्नाला खरे उत्तर असेल. व्हिसा नाकारला गेला, तरी त्या कोपीतली मुले जेवणाआधी हात धुवायला शिकलेली असतील.