लादीची ताकद

रत्नागिरीत मांडवीशेजारच्या मिरकरवाडा बंदरातून मासेमारीची बोट निघते ती डिझेल आणि बर्फ भरूनच. हा बर्फ कारखान्यात लाद्यांच्या रूपात जमतो. मोठ्या टाकीतलं मिठाचं पाणी अमोनियाच्या यंत्रणेने शून्याखाली ८-१० अंशांवर ठेवतात आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे साचे बुडवतात. पाणी कडांकडून आत गोठत जातं. गोठताना ते विरघळलेली हवा आणि क्षार आतल्या बाजूला ढकलतं. ते सगळं मध्यभागी साठतं. लादीच्या पोटातला दुधी पट्टा तो हाच. साच्यात हवा सोडून पाणी हलतं ठेवलं, तर लादी काचेसारखी निघते.

बर्फाकडे बांधकामाचं साहित्य म्हणून पाहिलं, तर हा दुधी पट्टा फार बोलका आहे. बुडबुडे आणि क्षार जास्त, तिथे बर्फ कच्चा. उणे १० अंशांच्या आसपास चांगला बर्फ दर चौरस सेंटिमीटरला ५० ते १०० किलो दाब सोसतो; ताण मात्र जेमतेम १० किलोच्या आसपास. शून्याजवळ आला की आणखी दुबळा होतो. शिवाय भार कसा येतो, तेही बर्फ पाहतो: झटका बसला तर तडकतो, संथ भाराखाली हळूहळू वाकतो, सरकतो. म्हणून बर्फाची चाचणी घेताना तापमान आणि भार टाकण्याचा वेग नोंदवला नसेल, तर हाती आलेल्या आकड्याला किंमत नाही.

तरीही अंटार्क्टिकात मॅकमर्डो या संशोधन तळावर १९७३ पासून अनेक वर्षं बर्फाचीच जेट्टी बांधली गेली. समुद्राचं पाणी थरावर थर गोठवायचं, मध्ये पोलादी दोर घालायचे, वर खडीचा थर पसरायचा, म्हणजे बर्फाला ऊन लागत नसे. आपल्या स्लॅबमध्ये सळई जे काम करते, तेच तिथे हे दोर करत. त्या जेट्टीला मालवाहू जहाजं लागली आहेत. उलट, भारताचं पहिलं अंटार्क्टिक ठाणं, बर्फाच्या थरावर उभारलेलं दक्षिण गंगोत्री, काही वर्षांतच बर्फाखाली गाडलं गेलं. त्यानंतरचं मैत्री खडकावर बांधलं. या मोहिमांचा कारभार आज आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

रत्नागिरीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक लादी घ्यावी. तिच्या कडेचे आणि पोटातले ठोकळे वेगळे कापून, नीट गोठवून, काँक्रीटचे ठोकळे दाबतो त्याच यंत्रात घालावेत. दोन्हींतला फरक आपल्या हाताने मोजावा.