नाकातल्या मूलपेशी आणि पाठीच्या कण्याची आशा : नेमके विज्ञान काय?

बांधकामावरून पडून कमरेखालची ताकद गेलेल्या एका मजुराच्या पत्नी काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आल्या. हातात एका खासगी केंद्राचे पत्रक होते. "ताई, ह्यांच्या नाकातल्या पेशी काढून पाठीत सोडल्या की हे परत चालतील म्हणतात. खरं आहे का?" खर्च काही लाखांचा. गावाकडची अर्धा एकर विकायची बोलणी सुरू झाली होती. त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर आम्ही वाचले, डॉक्टरांना विचारले. जे समजले ते सोप्या शब्दांत मांडत आहोत.

पत्रकातली सगळीच गोष्ट खोटी नाही. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणारे पातळ अस्तर असते. तिथल्या चेतापेशींचा हवा, धूळ आणि जंतूंशी थेट संबंध येतो. त्या मरत राहतात आणि अस्तराच्या तळाशी असलेल्या मूलपेशींपासून नव्या तयार होतात. मज्जारज्जूत मेलेल्या चेतापेशी अशा भरून निघत नाहीत. म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष नाकाकडे गेले. २००१ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथील संशोधकांनी प्रौढ माणसाच्या नाकातल्या अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या.

पण मूलपेशीने काय व्हायचे, हे ती एकटी ठरवत नाही. तिला बाहेरून निरोप यावा लागतो. हा निरोप देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढघटक म्हणतात. त्यांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. रिटा ज्यू होत्या. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचे दार बंद केले, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटून संशोधन चालू ठेवले होते.

प्रयोगशाळेतल्या बशीत ईजीएफ आणि एफजीएफ-२ हे दोन वाढघटक दिले की अशा पेशी विभागत राहतात, त्यांचे छोटे गोळे तयार होतात. ते काढून घेतले आणि 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल यांसारखे दुसरे संकेत दिले, की काही पेशी चेतापेशींचे रूप घेऊ लागतात. बीडीएनएफ नावाचा घटक चेतापेशींना जगायला मदत करतो. मात्रा, क्रम आणि वेळ बदलली की परिणामही बदलतो. एकच घटक एका वेळी पेशी वाढवतो, तर दुसऱ्या वेळी त्यांना पक्व करतो.

बशीत हे संकेत संशोधकाच्या हातात असतात. जखमी मज्जारज्जूत मात्र सूज असते, व्रण असतो आणि तिथले संकेत वेगळेच असतात. पत्रकात हा भाग नव्हता.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे तीन रुग्णांच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातल्या, चेतातंतूंना आधार देणाऱ्या पेशी सोडल्या गेल्या. मूलपेशींहून त्या वेगळ्या. तीन वर्षांच्या पाहणीत हा उपाय सुरक्षित दिसला, एकाच्या स्पर्शाच्या जाणिवेत थोडा फरक पडला. पण कोणीही चालू लागले नाही. पोर्तुगालमध्ये अस्तराचे तुकडेच मज्जारज्जूत बसवण्याची शस्त्रक्रिया होत असे. ती करून घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीच्या मज्जारज्जूत आठ वर्षांनी गाठ सापडली. गाठीत शेंबडासारखा द्राव होता. नाकाच्या अस्तराने तिथेही नाकाचेच काम केले होते. हे प्रकरण २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

संशोधन थांबलेले नाही, थांबूही नये. पण संशोधन आणि उपचार यांत फरक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे ठरावीक अपवाद सोडले, तर मूलपेशी केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

म्हणून असे पत्रक हाती आले तर चार प्रश्न विचारा. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत आहे का, क्रमांक कोणता? नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे? पेशी कोणते घटक देऊन वाढवल्या आणि शरीरात सोडण्याआधी कशा तपासल्या? इजा झाली तर भरपाई कोण देणार? उत्तराऐवजी पैशांची पावती पुढे आली, तर तिथून उठा.

त्या ताईंना आम्ही हेच सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता काहीच नाही?" तसे नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, जखमा होऊ न देणारी गादी, लघवीच्या नळीची स्वच्छता, फिजिओथेरपी, व्हीलचेअर, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यांनी माणूस चालत नाही, पण जगतो. प्रमाणपत्रासाठी आम्ही त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयात गेलो. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.