बिनतारी टॉवरवरील केबलची मांडणी व टोकजोडणी : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :
केंद्र शासनाने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा वारंवारता पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्यामुळे महाविद्यालये, सहकारी संस्था आणि लहान इंटरनेट सेवादार यांना टॉवर उभारून काही किलोमीटरपर्यंत बिनतारी जोडणी नेणे सुलभ झाले. अशी जोडणी खंडित झाली की संशय प्रथम रेडिओवर किंवा अँटेनावर घेतला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा रेडिओपासून खालच्या खोलीतील स्विचपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये, आणि त्यातही तिच्या दोन टोकांत असतो. बिनतारी म्हणविल्या जाणाऱ्या यंत्रणेचा हा तारेचा भाग का बिघडतो व तो कसा बांधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाणी व विद्युत्‌दाब :
महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकण किनाऱ्यावर पावसाच्या जोडीला खारी हवा असते. अशा ठिकाणी कनेक्टरच्या फटीतून शिरलेले पाणी तेथेच थांबत नाही. केबलच्या आवरणाखालील बारीक पोकळ्यांतून ते केशाकर्षणाने व स्वतःच्या भाराने खाली उतरते आणि कधी कधी थेट खोलीतील स्विचपर्यंत पोहोचते. शिवाय याच केबलमधून रेडिओला २४ किंवा ४८ व्होल्टचा एकदिश विद्युत्‌दाब पुरविलेला असतो. ओलावा आणि एकदिश दाब एकत्र आले की विद्युत्‌अपघटन सुरू होते व पिनांवर हिरवट क्षार साचतात. म्हणूनच उन्हाळ्यात निर्दोष चालणारी जोडणी जुलैमध्ये अधूनमधून तुटू लागते.

यावरील उपाय साधे आहेत, परंतु ते क्रमाने करावे लागतात. कनेक्टरचे तोंड खालच्या दिशेस असावे. रेडिओत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. खोलीच्या भिंतीतून केबल आत घेतानाही हाच नियम लागू होतो. उघड्या सांध्यावर स्वतःशी एकजीव होणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळावी. वरचा वेढा खालच्या वेढ्यावर कौलाप्रमाणे चढला तर पाणी आत शिरत नाही. उलट गुंडाळलेली पट्टी पाणी अडविण्याऐवजी साठविते. बाजारातील व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये, कारण सुकताना त्यातून निघणारे अॅसिटिक आम्ल तांबे गंजविते.

केबलची निवड :
प्रयोगशाळेतील करड्या पी.व्ही.सी. आवरणाची केबल टॉवरवर चढविण्याचा मोह काटकसरीपोटी होतो. हे आवरण उन्हाने काही वर्षांतच तडकते. बाह्य वापराच्या केबलला काजळीयुक्त काळे पॉलिएथिलीनचे आवरण असते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची स्वस्त केबल तर सर्वथा टाळावी. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. २४ व्होल्टवर चालणारा रेडिओ अर्धा अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ६० मीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये, दोन जोड्या वापरूनही, सुमारे तीन व्होल्टची घट होते. मुलाम्याच्या केबलमध्ये ती साडेचारच्या घरात जाते. एकूण लांबी १०० मीटरच्या मर्यादेत राखणे आवश्यक आहेच.

टोकजोडणी :
प्रचलित ‘टी-५६८-बी’ क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. हा क्रम विचित्र वाटतो, पण त्यामुळे तिसरी व सहावी पिन एकाच जोडीची राहते. दोन्ही टोकांस जोड्या ओळीने लावल्या, तर दिव्यांचे स्वस्त परीक्षक यंत्र सर्व काही ठीक दाखविते. मात्र या दोन पिनांवरील संकेत निरनिराळ्या जोड्यांच्या तारांत विभागला जातो. पीळ हा एकाच जोडीतील दोन तारांवरील बाह्य हस्तक्षेप परस्परांत नाहीसा करण्यासाठी असतो. जोडी फुटली की तो निरुपयोगी ठरतो. अशी आखूड केबल कदाचित चालेल, टॉवरची लांब केबल मात्र चुका करीत राहील. कनेक्टरपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये. गिगाबिट जोडणी अचानक १०० मेगाबिटवर उतरली असेल, तर एखाद्या जोडीचा संपर्क सुटल्याची शक्यता प्रथम तपासावी.

आकाशातील वीज :
टॉवरवर थेट वीज पडली नाही, तरी जवळच्या आघाताने केबलमध्ये मोठा दाब प्रवर्तित होतो. यासाठी धातूचे कवच असलेली केबल व तसेच कनेक्टर वापरून कवच अर्थिंगला जोडतात. रेडिओपाशी व खोलीच्या प्रवेशापाशी सर्ज-रक्षक बसवितात. परंतु टॉवरचे अर्थिंग वेगळे आणि इमारतीचे वेगळे ठेवले, तर हा खर्च बऱ्याच अंशी वाया जातो. आघाताच्या क्षणी दोन अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि त्यांना जोडणारा मार्ग म्हणून नेटवर्क केबलच उरते. दोन्ही अर्थिंग जाड वाहकाने एकमेकांस जोडणे म्हणूनच अनिवार्य आहे. वळिवाच्या सरी सुरू होण्यापूर्वी हे सांधे तपासावेत.

मांडणी व खुणा :
केबल टॉवरच्या पायास एका बाजूने, शिडीचा मार्ग मोकळा ठेवून न्यावी. बंध ऊन सोसणारे, काळे असावेत आणि आवरण दबेल इतके आवळू नयेत. प्रत्येक केबलच्या वर व खाली, दोन्ही टोकांस एकच न पुसणारी खूण असावी. खूण नसेल तर योग्य केबल शोधण्यासाठी कामगारास पुन्हा वर चढावे लागते, आणि पावसात ओल्या लोखंडावरील प्रत्येक अनावश्यक चढण त्याच्या जिवाशी निगडित असते. खुणांची एक यादी खोलीतील पेटीच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविलेली असावी; केबल बदलली की तिच्यावर तारीख टाकावी.