तंबूतल्या पडद्याचे ऋण

मनुष्याने उतारवयात आपली देणी आठवावीत, असे आपले वडीलधारे सांगत आले. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे तर वाचकांच्या परिचयाचीच आहेत. आमच्या खाती आणखी एक ऋण बाकी आहे आणि त्याचा उच्चार आम्ही आजवर कोणापुढे केलेला नाही. मुळशी तालुक्यातील रिहे हे आमचे गाव; संस्कृत शिकविणे हा आमचा जन्माचा व्यवसाय. असे असता, सुशिक्षित घरांत ज्यांस मारधाडीचे, भुताखेतांचे किंवा नुसतेच ‘हलके’ चित्रपट म्हणतात, त्यांचे वेड आम्हांस वयाच्या दहाव्या वर्षापासून आहे. हे वेड कोणी लावले, याचा विचार करू लागलो तेव्हा आमच्या घरातील व पाठशाळेतील सर्वांत आदरणीय माणसेच एकामागून एक डोळ्यांपुढे उभी राहिली. म्हणून हा लेख.

या चित्रपटांस ‘बी ग्रेड’ हे नाव पडले ते अमेरिकेवरून. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथील चित्रगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिला मोठ्या नटांचा व मोठ्या खर्चाचा. दुसरा थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत उरकलेला. त्या दुसऱ्यास ‘बी’ म्हणत. आपल्याकडे एका तिकिटात दोन खेळांची ती पद्धत तशी रुजली नाही. परंतु पंक्तिप्रपंच मात्र आला. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पाहावयास घरेच्या घरे निघत. ‘हंटरवाली’स जाणारा मात्र मागच्या दाराने जाई.

आमच्या घरी हे मागचे दार आत्याबाईंनी उघडले. त्या आमच्या वडिलांच्या आत्या. फार लहानपणी वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्या. पहाटे स्नान, सोवळ्यातला स्वयंपाक, दुपारी पोथी, असा त्यांचा दिनक्रम. दुपारी ओसरीवर ‘हरिविजय’ उघडा असे व आत्याबाई तन्मय होऊन वाचीत असत. एकदा पाणी देण्याच्या निमित्ताने आम्ही जवळ गेलो तो पोथीच्या आड बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पिस्तूल रोखून उभा! ज्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या अर्नाळकरांचे एक पुस्तक मुंबईच्या काकांकडून दर खेपेस गुपचूप रिह्यास येत असे. आत्याबाईंनी आमच्याकडे पाहिले, ओठांवर बोट ठेवले आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेविला. गुपित राखण्याचा तो आमचा पहिला पाठ.

त्यानंतर आत्याबाई रात्री आम्हांस गोष्टी सांगू लागल्या. त्यांत वेताळ असे, पडका वाडा असे, तळघरातील खजिना असे. मुळशीचा पाऊस चार चार दिवस थांबत नाही. बाहेर भातखाचरे तुडुंब भरलेली, घरात कंदिलाची वात बारीक केलेली आणि आत्याबाईंचा आवाज हळूहळू खाली येत जाणारा. त्या भीतीची गोडी आम्ही पुढे कोणत्याच उंची करमणुकीत अनुभवली नाही. ज्या बाईच्या आयुष्यात तिच्या मनाजोगे काहीच घडले नाही, तिला भुयारे, वेषांतरे व सुटका एवढी का प्रिय होती, हे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली.

मुंबईचे काका हे दुसरे गुरू. ते गिरगावात एका कचेरीत कारकून होते. १९३५ साली ‘हंटरवाली’ लागला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते व त्यांनी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांस स्वतःसही देता येत नसे. सुट्टीत ते रिह्यास आले की सुताच्या दोरीचा चाबूक करून अंगणात त्याचा आवाज काढून दाखवीत आणि नादियाची गोष्ट सांगत. ती ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ साली जन्मलेली. मूळचे नाव मेरी इव्हान्स. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातील जमशेद व होमी या बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हीटोन काढली आणि या गोऱ्या, धिप्पाड मुलीस बुरखाधारी राजकन्या केले. चित्र तयार झाले. पण ते घ्यावयास वितरक धजेनात, तेव्हा वाडियांनी ते आपल्याच हिमतीवर लाविले, आणि प्रेक्षकांची रीघ लागली. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये १९३६ साली तिने धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी केली. हे सारे ती स्वतः करी. तिच्या जागी दुसरे कोणी उभे केले जात नसे. वाडियांची ती परळची जागा पुढे शांतारामबापूंच्या राजकमलकडे गेली, हे सांगताना काकांचा स्वर असा होई की जणू त्यांचाच वाडा विकला गेला.

आत्याबाई हे सारे माजघराच्या दाराआडून ऐकत. एकदा त्यांनी आतूनच विचारले, “मग त्या मुलीस घरचे काही बोलले नाहीत का रे?” काकांजवळ उत्तर नव्हते.

सन १९६९ चा तो उन्हाळा असावा. जत्रेच्या दिवसांत पौडच्या बाजूस फिरता सिनेमा आला व ‘संपूर्ण रामायण’ लागणार, अशी दवंडी पिटली. रामायण म्हटल्यावर वडिलांस नाही म्हणता येईना. बैलगाडी जुंपली, आत्याबाई, आई, आम्ही भावंडे असे निघालो. तंबूत बायका एका अंगास व पुरुष दुसऱ्या अंगास बसत. आम्ही मात्र यंत्राजवळ खिळलो. दोन कार्बनच्या कांड्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटे आणि त्या प्रकाशावर सारी लंका उभी राही. कांड्या जळून आखूड होत, तसतसा यंत्रवाला एक चाक किंचित फिरवून त्यांतील अंतर सांभाळी; जरा दुर्लक्ष झाले की पडद्यावर अंधारी येई. यंत्र एकच, म्हणून रीळ संपले की खेळ थांबे. त्या मधल्या वेळात त्या भल्या माणसाने आम्हांस उचलून भिंगातून पाहू दिले आणि तुटलेल्या फितीचा बोटभर तुकडा हातावर ठेविला. त्यात हनुमान होता. तो तुकडा आम्ही पुढे अनेक वर्षे अमरकोशाच्या पानांत जपला.

दुसऱ्या रात्री दारासिंगाचा ‘किंगकाँग’ होता. आत्याबाईंनी वडिलांस सांगितले, “कालचे रामायण अपुरे राहिले.” त्यांच्या सोवळ्या आयुष्यातील ही बहुधा एकच लबाडी. आम्ही पुन्हा गेलो. एकाहत्तराव्या वर्षी त्या माऊलीने दारासिंगाची कुस्ती पदर तोंडात धरून पाहिली आणि परतताना गाडीत एवढेच म्हणाल्या, “भीमच हो तो!”

पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळले की १९६१ चा ‘संपूर्ण रामायण’ व १९६२ चा ‘किंगकाँग’ या दोहोंचे दिग्दर्शक एकच, बाबूभाई मिस्त्री. काळ्या पडद्यापुढे काळे दोरे लावून वस्तू आपोआप हालताना दाखविण्याची करामत त्यांनी १९३७ सालच्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये केली, तेव्हापासून त्यांची कीर्ती झाली. म्हणजे ज्या हातांनी लंका जाळली, त्याच हातांनी ती कुस्ती रंगविली. पहिल्या रात्री आमच्या घराने त्या हातांस नमस्कार केला व दुसऱ्या रात्री त्यांचे नाव घेण्यास संकोच केला. आणि दारासिंगांनीही पुढे १९७६ साली ‘बजरंगबली’त हनुमान उभा केलाच, आणि मग दूरदर्शनच्या रामायणातील हनुमान म्हणून ते घरोघरी पूज्य झाले!

मॅट्रिक झाल्यावर आम्ही पुण्यास पाठशाळेत राहिलो. तेथील शास्त्रीबुवा भवभूतीचे ‘मालतीमाधव’ शिकवीत. पाचवा अंक आला. मध्यरात्रीचे स्मशान, पिशाचांचा कोलाहल, नरमांस विकावयास निघालेला माधव. इतक्यात चामुंडेच्या देवळातून किंकाळी येते. अघोरघंट कापालिक मालतीचा बळी देण्याच्या बेतात आहे. माधव धावतो व तिची सुटका करतो. आम्ही न राहवून म्हणालो, “गुरुजी, हा तर तंबूतला सिनेमा झाला.” वर्ग गार पडला. शास्त्रीबुवा मात्र हसले. म्हणाले, “भरतमुनींनी आठ रस सांगितले. त्यांत भयानक आहे, बीभत्स आहे, अद्भुत आहे. मुनींनी त्यांस पंक्तीबाहेर बसविलेले नाही. तुम्ही कोण बसविणार?” आमच्या छंदास अशी शास्त्राची मुद्रा मिळाली. तरीही तो चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य आम्हांस आले नाही.

आता जे सांगावयाचे त्यासाठीच हा सारा प्रपंच. १९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला. या बंधूंविषयी आम्हांस आधीपासून कौतुक होते. सात भाऊ, कोणी दिग्दर्शन करी, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनिलेखन, कोणी संकलन. १९७२ सालच्या ‘दो गज जमीन के नीचे’च्या वेळी सारे कुटुंब महाबळेश्वरास जाऊन राहिले व घरच्याच माणसांनी ते चित्र पुरे केले. एकत्र कुटुंबाने मिळून भूत उभे करावे, ही कल्पनाच आम्हांस मोठी गोड वाटे. तेव्हा आम्ही तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो. प्रकृती ठीक नसल्याचा अर्ज देऊन एक दिवसाची रजा घेतली, पुण्यास गेलो आणि दुपारचा खेळ पाहून आलो.

दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने चहाडी केली की अमका काल शाळा चुकवून पुण्यास सिनेमास गेला होता. कोणता, असे आम्ही विचारले. तोच. मुलांनी पाहण्याजोगा तो चित्रपट नव्हे, हे खरे. तेवढे समजावून सांगितले असते तर तो न्याय झाला असता. आम्ही तसे केले नाही. अभिरुची, संस्कार, आईबापांचे कष्ट यांवर व्याख्यान दिले व साऱ्या वर्गासमोर त्यास पाच छड्या मारल्या. मुलगा रडला नाही. एकदा त्याने आमच्याकडे मान वर करून पाहिले. ते पाहणे आम्ही विसरू शकलो नाही.

तो मुलगा आज पंचावन्नाच्या घरात आहे. विजेची कामे करतो. दोन वर्षांपूर्वी रिह्याच्या जत्रेत भेटला, वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी मी आपल्या मागच्याच रांगेत होतो.” आम्हांस धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. पण तो पुढे म्हणाला, “आपण मला शोधायला पुण्यापर्यंत आलात, असे मला वाटले. माझ्या बापानेसुद्धा माझ्यासाठी एवढी पायपीट केली नव्हती. म्हणून मार खाल्ला. कोणाला काही बोललो नाही.”

त्याने आमच्यावर आळ घेतला असता तर बरे झाले असते. चाळीस वर्षे तो आमच्या लबाडीस माया समजून उराशी बाळगून होता. त्या क्षणी खरे सांगावयास जीभ रेटेना. आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरविला व घरी आलो.

मनात आले, आत्याबाईंनी पुस्तक पोथीआड लपविले, कारण त्यांस दुसरा मार्ग नव्हता. त्यांच्या लपविण्याने कोणाचे काही गेले नाही. उलट एका पोरास गोष्टींचे भांडार मिळाले. आमच्या लपविण्याने एका मुलाच्या हातावर वळ उठले. छंद तोच, परंतु त्यांनी तो वाटून घेतला आणि आम्ही तो दडवून वर दुसऱ्यास शिक्षा केली.

आज ते तंबू बहुतेक उठले. फितीची जागा डिजिटल यंत्राने घेतली; त्या स्थित्यंतराचे चित्रण करणारा महाराष्ट्रातील फिरत्या चित्रगृहांचा माहितीपट २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखविला गेला. जुन्या फितींपैकी कितीतरी नाहीशा झाल्या. १९३१ सालच्या ‘आलम आरा’सारख्या आपल्या पहिल्या बोलपटाचीही प्रत उरली नाही. तेथे मारधाडीच्या चित्रांची कोण कथा! पुण्यात १९६४ साली चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, म्हणून जे वाचले ते वाचले. नादिया १९९६ साली निवर्तली. आत्याबाई, काका, शास्त्रीबुवा, यंत्रवाला, कोणीच आता राहिले नाही. त्यांचे ऋण फेडणे आमच्या हाती उरलेले नाही.

एक देणे मात्र फेडता येण्याजोगे आहे. त्या विद्यार्थ्याच्या घरी हे मासिक येते, असे त्याने बोलता बोलता सांगितले होते. बाळा, आम्ही तुला शोधावयास आलो नव्हतो. तुझ्यासारखेच शाळा चुकवून आलो होतो. त्या पाच छड्या आमच्याकडे बाकी आहेत. येत्या जत्रेस घरी ये. जे बोलावयाचे असेल ते बोल, आणि मग तुझे मन होईल तर, तो चित्रपट आपण दोघे ओसरीवर, सर्वांसमक्ष, पुन्हा पाहू.