बचतीचे नियम, भाग 9 : पीपीएफची मर्यादा वर्षाची, वऱ्हाडाची कमाई पावसाची

नोकरीतला फंड ज्याच्या नशिबी नाही, त्यालाही म्हातारपणासाठी करमुक्त साठा करता यावा, या विचाराने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीपीएफ, 1968 साली सुरू झाला. आज त्याचे नियम 2019 च्या योजनेप्रमाणे चालतात. वर्षाला कमीत कमी 500 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षांची, आणि एप्रिल 2020 पासून व्याज 7.1 टक्के. यातल्या एकाच गोष्टीवर या भागात बोलायचे आहे, कारण अमरावती-अकोल्याच्या वाचकाला ती सगळ्यात जास्त नडते. दीड लाखाची मर्यादा एप्रिल ते मार्च एवढ्याच काळापुरती असते. एखाद्या वर्षी 500 रुपयेच भरले तर उरलेल्या 1,49,500 रुपयांचा हक्क 31 मार्चला बुडतो. तो पुढच्या वर्षात ओढता येत नाही. माझे म्हणणे असे, की हा हक्क काही वर्षे तरी पुढे नेता आला पाहिजे, नाहीतर ज्याला फंड नाही त्याच्यासाठी काढलेल्या खात्याचा पुरा फायदा पगारदारच घेणार.

कारण उघड आहे. महिन्याला 12,500 रुपये कापून घेणारा कर्मचारी पाच वर्षांत साडेसात लाख भरून मोकळा होतो. कोरडवाहू कास्तकाराची पाच वर्षे अशी सारखी नसतात. सोयाबीन कापणीच्या वेळी भिजते, कपाशीवर गुलाबी बोंडअळी येते, कधी तुरीला भाव लागतो आणि मागचे सगळे भरून निघते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची बाग उभीच विकली जाते, सौद्याचा पैसा एकदोन हप्त्यांत हातात पडतो, आणि गळ झाली तर त्या साली काहीच नाही. समजा, चार वर्षे कसेबसे 500 रुपये भरून खाते जिवंत ठेवले आणि पाचव्या वर्षी देणीघेणी भागवून सहा लाख उरले. खात्यात जाणार दीड लाख. पाच वर्षांची बेरीज 1,52,000. उत्पन्नाची ही ओढाताण सरकारला ठाऊक नाही असेही नाही. जुलै 2006 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले ते या प्रदेशाच्या शेतीची दशा पाहूनच. संकटात मदत देताना जे ध्यानात घेतले, ते बचतीचा नियम लिहिताना का घेऊ नये?

यावर जाणकार सांगतील की वाट आहे. दीड लाख मार्चच्या शेवटी भरा, दीड लाख एप्रिलच्या पहिल्या चार दिवसांत. बायकोच्या नावाने वेगळे खाते काढून तेवढेच तिथे. सहा लाख बसले. ही वाट खरी आहे, कायदेशीर आहे, आणि ज्याला जमते त्याने ती जरूर धरावी. पण यात मागच्या चार वर्षांचा बुडालेला हक्क परत मिळत नाही. पुढच्या वर्षाचा आधीच वापरून होतो. शिवाय कापसाचे पैसे डिसेंबर-जानेवारीत आले तर त्यातला अर्धा वाटा एप्रिलपर्यंत घरात शाबूत राहिला पाहिजे, आणि लग्नसराईच्या दिवसांत तो किती राहतो हे गावात कोणालाही विचारा. एकट्या शेती करणाऱ्या बाईला दुसरे खाते आणायचे कोठून? मुलाच्या नावाचे खातेही कामाचे नाही, कारण पालकाचे स्वतःचे आणि अज्ञान मुलाचे मिळून मर्यादा दीड लाखच. पोस्टात एक आणि बँकेत एक अशी एकाच नावाने दोन खाती काढणे तर नियमबाह्यच आहे. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या सूचनांनुसार दुसऱ्या खात्यातली रक्कम वार्षिक मर्यादेत बसेल तेवढीच मुख्य खात्यात मिळवली जाते. वरचे पैसे बिनव्याजी परत मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त, नव्या करप्रणालीत 80सीची वजावट नाही. मग कास्तकाराला करमुक्त खात्याचे काय अप्रूप? हे मान्य केले पाहिजे की लहान शेतकऱ्याला कराचा फायदा थोडाच आहे. मुदत ठेवीवरचे व्याज शेतीचे उत्पन्न ठरत नाही, त्यावर कर लागू शकतो, पण त्याची एकूण मिळकत बहुधा त्या पायरीपर्यंत पोचतच नाही. त्याच्यासाठी या खात्याचे मोल दुसरीकडे आहे. खातेदाराच्या कर्जापोटी पीपीएफमधल्या रकमेवर न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्ती आणता येत नाही. ज्या भागात कर्ज हे शेतीच्या अवजारांइतकेच नेहमीचे, तिथे म्हातारपणाचा पैसा सावकार आणि बँक दोघांच्याही हाताबाहेर राहणे ही फार मोठी गोष्ट आहे. आणि मर्यादेबाहेर राहिलेले साडेचार लाख जातात कुठे, तेही पाहिले पाहिजे. पीपीएफ खाते पोस्टात आणि सरकारने अधिकृत केलेल्या बँकांतच उघडते. पतसंस्थेला तो अधिकार नाही. पतसंस्थेचा माणूस मात्र दारात येतो, व्याज जास्त सांगतो, ओळखीचा असतो. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. 2020 पासून खेड्यातल्या शाखा डाकघरातही पीपीएफ उघडता येते, म्हणजे दार जवळ आले. दारातून आत किती नेता येईल, एवढेच अडते.

असा नियम कुठे चालतो का, तर कॅनडात 2009 पासून चालतो. तिथल्या करमुक्त बचत खात्याची न वापरलेली मर्यादा कायम पुढे जाते. 2009 साली जो सज्ञान होता आणि ज्याने कधीच काही भरले नाही, त्याला 2025 मध्ये एकदम 1,02,000 डॉलर भरता येत होते. मर्यादेपलीकडे गेले तर जादा रकमेवर महिन्याला एक टक्का कर. ब्रिटनमध्ये उलट, 20,000 पौंडांची मर्यादा वर्षाबरोबर संपते. तेव्हा जगभर एकच रीत आहे असे नाही. यात धनिकांचे फावेल, ही भीती मला खरी वाटते, सरकार 7.1 टक्के देते ते सगळ्यांच्या पैशातून देते. म्हणून कॅनडाची मोकळीक जशीच्या तशी नको. मागच्या पाच वर्षांपुरतीच जागा पुढे यावी, तीही त्या प्रत्येक वर्षी किमान 500 रुपये भरलेल्या खात्याला. अशाने कोणालाही पगारदारापेक्षा एक रुपया जास्त भरता येणार नाही. तेवढेच, पण आपल्या हंगामाने भरता येईल. त्यासाठी संसदेत नवा कायदाही लागत नाही. 2011 मध्ये सत्तर हजारांचे एक लाख आणि 2014 मध्ये एक लाखाचे दीड लाख झाले ते अधिसूचनेनेच.

तोवर दोन गोष्टी सांभाळाव्यात. पैसा आला की आधी सावकाराचे आणि पीककर्जाचे देणे द्यावे, कारण वेळेवर फेडीची व्याजसवलत गमावून पीपीएफ भरण्यात काही मिळकत नाही. आणि भरणा महिन्याच्या पाच तारखेच्या आत करावा. व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. दीड लाख सहा तारखेला भरले तर त्या महिन्याचे 887 रुपये 50 पैसे जातात. पंधरा वर्षांनंतर खाते पाच-पाच वर्षांनी वाढवायचे, त्याचा अर्ज आणि त्यातल्या चुका पुढच्या भागात.