जाळीची काच आणि वीस मिनिटं

‘टक्’ असा आवाज झाला तेव्हा मी नातीला तेल लावत बसले होते. वाटलं, बाहेरून कुणी खडा मारला. पण चौथ्या मजल्यावर, तेही टोकियोत, खडा कोण मारणार? वर बघते तो काय, खिडकीच्या काचेला खालच्या कडेपासून मधोमध लांबलचक तडा गेलेला! नातीला पोटाशी धरून मी मागे सरकले. काच आता कोसळणार असंच वाटलं. पण ती कोसळली नाही. एक तुकडासुद्धा खाली पडला नाही. काचेच्या पोटात तारेची बारीक जाळी होती, तिनं सगळं धरून ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ची. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने टोकियोला होते. निशिकासाई भागात तिचं भाड्याचं घर. तिथे आपली भारतीय मंडळी पुष्कळ, त्यामुळे डाळी-मसाल्यांची अडचण नव्हती. अडचण होती ती समोरच्या इमारतीची. इतकी जवळ की त्यांच्या टीव्हीतलं चित्र आम्हाला दिसावं! बाळाला मालिश करायची, लेक पाजायला बसायची, आणि समोर खिडकी. मग मी शंभर येनच्या दुकानातून नक्षीचा गडद प्लास्टिक कागद आणला आणि काचेला चिकटवला. थंडी लागू नये म्हणून आतून गोधडीही टांगली. माझ्या हुशारीवर मीच खूश होते. चार दिवसांनी हा ‘टक्’!

काच बदलायला वयस्कर कारागीर आला. दारातच टोपी काढून वाकला, बूट काढून आत आला. खिडकी बघितली, माझा कागद बघितला, गोधडी बघितली आणि हळूच काहीतरी बोलला. लेकीनं मला सांगितलं, ‘‘आई, तो म्हणतोय उन्हानं तडकली.’’

मला पटेना. थंडीतल्या उन्हानं काच तडकते? त्यानं हातवारे करून समजावलं. गडद कागदामुळे आणि मागच्या गोधडीमुळे काचेचा मधला भाग तापतो. कडा मात्र चौकटीत बसलेल्या, रात्रीच्या गारठ्यानं थंडगार. मधला भाग फुगू बघतो, कडा त्याला फुगू देत नाहीत आणि काच तडकते. जाळीच्या काचेला हा धोका जास्त. तिच्या कडेला तारांची कापलेली टोकं असतात, ती गंजली की कड आणखी कमजोर होते. म्हणून अशा काचेला कागद चिकटवायचा नसतो, जाड पडदा किंवा कपाट खेटून ठेवायचं नसतं. दुरुस्तीचा आकडा जावयांनी मला शेवटपर्यंत सांगितला नाही. ‘‘आई, जाऊ द्या हो,’’ एवढंच म्हणाले.

मी लेकीला म्हटलं, ‘‘अगं, पण चोरांसाठी एवढी महागडी जाळी कशाला? सरळ गज लावायचे ना!’’ तिनं ते त्या कारागिराला सांगितलं. तो तोंडावर हात ठेवून हसला. ‘‘चोरासाठी नाही, आगीसाठी,’’ लेक म्हणाली. ‘‘चोराला ही काच फोडायला फारसा वेळ लागत नाही.’’

चोरासाठी नाही, आगीसाठी. हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. का, ते पुढे सांगते.

आगीच्या आठवणी

जपानमधली घरं पूर्वापार लाकडाची. शहरात ती एकमेकांना इतकी खेटून की मधून माणूस आडवा होऊनच जाईल. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी टोकियो-योकोहामा भागात मोठा भूकंप झाला. घरोघर स्वयंपाक चालू होता. चुली, शेगड्या कलंडल्या, वारा जोराचा होता. सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. १९९५ साली कोबेच्या भूकंपात जुन्या लाकडी वस्त्या जळाल्या. डिसेंबर २०१६मध्ये इतोइगावा गावात तर भूकंपही नव्हता. एका खाणावळीत गॅसवर भांडं विसरलं, जोराचा वारा सुटला होता आणि १४७ इमारतींना आग लागली. सुदैवाने जीव मात्र कुणाचा गेला नाही.

आणि १ जानेवारी २०२४ तर मी स्वतः टीव्हीवर पाहिली. नात आठवड्याची होती. संध्याकाळी चारच्या सुमारास आमच्याकडचा दिवा हलला. भूकंप नोतो द्वीपकल्पात झाला होता. रात्री वाजिमा गावातली सकाळच्या बाजाराची पेठ जळताना दाखवत होते. मासे, भाजी, हातानं केलेल्या वस्तू घेऊन बायका बसायच्या असा हा शेकडो वर्षांचा बाजार. सुमारे २४० इमारती जळाल्या. आपल्या आठवडी बाजारातल्या बायका डोळ्यांसमोर आल्या आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

शेजाऱ्यासाठी खिडकी

लेक-जावयांनी त्याच सुमारास छोटीशी जागा घेतली होती. दुमजली लाकडी घर बांधायचं होतं. आराखडा करणारी बाई वास्तुविशारद होती, चाळिशीची, बोलायला गोड. खिडक्या निवडायच्या दिवशी मीही नातीला घेऊन सोबत गेले. एरवी मला त्यातलं काय कळणार! पण काच फोडून बसलेली मी, कान टवकारून ऐकत होते.

तिनं सांगितलं ते असं. जपानचा बांधकामाचा कायदा १९५०चा, वेळोवेळी सुधारलेला. शहराच्या नकाशावर आगीच्या दृष्टीने विभाग पाडलेले असतात. टोकियो शहराचा बहुतेक भाग त्यात येतो. अशा भागात शेजारच्या हद्दीपासून किंवा रस्त्याच्या मध्यापासून तळमजल्यावर ३ मीटरच्या आत आणि वरच्या मजल्यांवर ५ मीटरच्या आत जी दारं-खिडक्या येतात, तिथे साधी काच चालत नाही. वर अंतर जास्त का? तर आगीची झळ वर चढताना पसरते. त्या खिडकीनं वीस मिनिटं ज्वाळा अडवून धरायला हवी. मोठ्या इमारतींत आग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून काही दारांना हेच बंधन साठ मिनिटांचं असतं.

‘‘वीसच मिनिटं?’’ मी विचारलं. ती म्हणाली, तेवढ्यात म्हातारी माणसं, मुलं बाहेर पडतात, अग्निशमनवाले येऊन पोचतात. साधी काच आगीत काही मिनिटांतच फुटून पडते. एकदा भोक पडलं की ज्वाळा आणि ठिणग्या आत शिरतात, पडदा पेटतो आणि घर गेलं. जाळीची काचही तडकते, पण तुकडे तारेत अडकून राहतात, भोक पडत नाही. माझ्या खिडकीनं मला तेच तर दाखवलं होतं.

मग पर्याय पुढे आले. पहिला, हीच जाळीची काच. साधारण ६.८ मिलिमीटर जाड, पारदर्शक किंवा धूसर, इतरांपेक्षा स्वस्त. तोटा म्हणजे तारा नजरेत येतात आणि ऊन-थंडीत जपावं लागतं. दुसरा, खास तापवून कडक केलेली, आगीला टिकणारी काच. तिच्यात जाळी नाही, स्वच्छ दिसतं, पण किंमत जास्त. ती तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप आधीच अचूक द्यावं लागतं. तिसरा प्रकार चिनीमातीच्या जातकुळीतल्या काचेचा. ती तापली तरी जवळजवळ फुगतच नाही, म्हणून तडकत नाही. लालभडक तापलेलीवर पाणी पडलं तरी टिकते. ही घरापेक्षा मोठ्या इमारतींत जास्त दिसते. चौथा मार्ग साध्या काचेवर बाहेरून मान्यताप्राप्त लोखंडी शटर बसवण्याचा. पण शटर लावलेलं असेल तरच ते कामाचं, हे आपलं आपणच ओळखायचं!

दोन गोष्टी तिनं बजावून सांगितल्या. एक, नुसती काच चांगली असून भागत नाही. काच, चौकट आणि मधली पट्टी सगळी एकत्र भट्टीत तापवून बघतात आणि त्या अख्ख्या खिडकीला सरकारी मान्यता मिळते. मान्य खिडकीतली काच काढून मनाला येईल ती बसवली की मान्यता संपली. दुसरी, या काचा ज्वाळा अडवतात, धग नाही. पलीकडे आग असेल तर अलीकडची गादीही तापून पेटू शकते. धगही अडवणाऱ्या काचा वेगळ्या. त्यांच्या थरांमधला पदार्थ आगीत फेसासारखा फुगतो आणि काच पांढरी होते. त्या जिना, सुटकेची वाट अशा ठिकाणी वापरतात.

जावयांना सगळीकडे स्वच्छ काच हवी होती, लेकीला खर्चाची काळजी. मी गप्प होते. मग ती बाई म्हणाली, ‘‘ही खिडकी तुमच्या घराला वाचवतेच. पण आग तुमच्याकडे लागली तर ती शेजाऱ्याला वाचवते.’’ मला हे फार आवडलं. आपण घर बांधताना फरशी, रंग, कपाटं आपल्या आवडीनं निवडतो. पण हद्दीवरची खिडकी थोडी शेजाऱ्याचीही असते.

शेवटी ठरलं ते असं. शेजारच्या बाजूंना, न्हाणीघर आणि जिन्याला धूसर जाळीच्या छोट्या खिडक्या. रस्त्याकडे बिनजाळीची आगीला टिकणारी काच. पूर्वेला मात्र सार्वजनिक बाग आहे. मोकळी बाग किंवा नदी असेल, आग तिकडून यायची शक्यता नसेल, तर कायदा त्या बाजूला सूट देतो. म्हणून तिथे एक मोठी साधी दुहेरी काच, नातीला झाडं दिसावीत म्हणून!

आमच्या गल्लीतली खिडकी

आता ते वाक्य का रुतलं, ते सांगते. २००९ साली आमच्या गल्लीत लागोपाठ तीन चोऱ्या झाल्या. आमचं महिला मंडळ पुढे सरसावलं. मीच घरोघर फिरले, वेल्डिंगवाल्याशी घासाघीस केली आणि वीस-बावीस घरांच्या खिडक्यांना मजबूत ग्रिल बसवून घेतलं. पक्कं, न उघडणारं. सगळ्यांनी कौतुक केलं. २०१४च्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानाला आग लागली. शेजारच्या घराची खिडकी फुटली, पडदे पेटले, जिना धुरानं भरला. वरच्या खोलीतल्या आजी खिडकीशी आल्या होत्या. खाली माणसं होती, शिडीही आणली होती. पहारीनं ग्रिल तुटेपर्यंत फार उशीर झाला. आजी धुरानंच गेल्या.

कुणी मला बोल लावला नाही. मीही इतकी वर्षं हे कुठे लिहिलं नाही.

लेकीच्या भाड्याच्या इमारतीत, जिन्याजवळच्या खिडकीवर लाल रंगाचा उलटा त्रिकोण चिकटवलेला होता. मी विचारलं तर कळलं, अग्निशमनवाल्यांनी बाहेरून आत यायची ती जागा. तिसऱ्या मजल्यापासून वर, ३१ मीटर उंचीपर्यंत अशा जागा ठेवाव्या लागतात, त्यांच्यासमोर सामान रचायचं नाही. काही खिडक्या आग अडवायला, काही माणसं वाचवायला. दोन्हींचा विचार आधीच केलेला. आम्ही फक्त चोराचा केला होता.

आपल्या गावात ती काच आजच आणा, असं मी म्हणत नाही. पण ग्रिलची एक झडप कडी-कुलपाची करून घेणं आपल्या हातात आहे. किल्ली खिडकीजवळच, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला, घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली. त्या खिडकीपुढे पलंग, कपाट नको. महिन्यातून एकदा कुलूप उघडून बघायचं, गंजलं तर तेल घालायचं. गॅसची शेगडी खिडकीच्या पडद्यापासून लांब ठेवायची.

परत आल्यावर मी पुन्हा घरोघर फिरले. त्याच गल्लीत, त्याच वेल्डिंगवाल्याला घेऊन. पहिल्या दिवशी सात घरं झाली. एका वहिनींनी विचारलं, ‘‘अहो ताई, तुम्हीच तर पक्कं करा म्हणाला होतात ना?’’

म्हटलं, ‘‘हो, मीच म्हणाले होते. म्हणून तर मीच आले.’’