ताप एंजिनाला की काट्याला?

टर्बोप्रॉप एंजिनात तापलेला वायू चक्राची पाती फिरवतो. त्या चक्रावर विमानाचा पंखा चालतो. वायू प्रमाणाबाहेर तापल्यास पाती जळून निकामी होतात. म्हणून हर्क्युलस विमानांच्या टी-५६ या अमेरिकन एंजिनात १८ तपयुग्मे बसवलेली असतात. भिन्न धातूंच्या तारांचे हे सांधे तापले की सूक्ष्म वीज निर्माण होते. प्रत्येकात असे दोन सांधे: एक वैमानिकापुढील काट्यासाठी, दुसरा इंधन कमीजास्त करणाऱ्या नियंत्रकासाठी.

तापाचा काटा डोलू लागला, तर यंत्रज्ञ आधी शेजारचे काटे पाहतो. इंधनाचा व शक्तीचा काटा स्थिर असेल, तर दोष बहुधा तापाच्या काट्यातच! सारेच डोलत असतील, तर नियंत्रक बंद करून पाहतात. डोलणे थांबले, तर दोष नियंत्रकाचा. न थांबल्यास अन्यत्र शोधावा लागतो. मात्र नियंत्रक बंद असेतोवर तापावर त्याचा अंकुश नसतो. वैमानिकाला काट्यावर नजर ठेवूनच इंधनाचा दांडा सरकवावा लागतो.